पूर घराला 'अफेक्ट' करतो की 'इफेक्ट'? बाबांच्या अर्जावरून पडलेला प्रश्न

मलप्रभाकाठ | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसता वाचत असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय.

गेल्या आठवड्यात माळ्यावरची ट्रंक खाली काढली. उतारे, घरपट्टीच्या पावत्या, जुन्या लग्नपत्रिका आणि तळाशी ऑगस्ट २०१९ ची फाइल. आम्ही खानापूर तालुक्यातले, मलप्रभेच्या काठचे. त्या पुरात आमच्या घराची मागची भिंत आणि गोठा गेला. मातीची भिंत होती. दोन रात्री पाण्यात उभी राहिली आणि पाणी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी बसली. ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत आहे, अशी भिंत पाणी चढताना टिकते आणि ओसरताना जाते.

नुकसानभरपाईचा अर्ज बाबांनी इंग्रजीत लिहिला होता. कन्नड आम्ही बोलतो, पण लिहायला हात चालत नाही. मराठीतला अर्ज घेतील की नाही ही धास्ती. म्हणून इंग्रजी. सीमाभागात हे घरोघरी आहे, वेगळं सांगायला नको.

त्या अर्जाची झेरॉक्स मिळाली. त्यात सहा ठिकाणी 'इफेक्टेड' हा शब्द आहे. हाउस इफेक्टेड, कॅटल शेड इफेक्टेड, फॅमिली इफेक्टेड, असं. आणि सहाही शब्दांभोवती लाल पेनाचे गोल. एका कार्यालयातल्या कारकुनाने ते मारले होते आणि "आधी इंग्लिश शिकून या" म्हणून अर्ज परत दिला होता. बाबा तेव्हा ७१ वर्षांचे. घरी येऊन काही बोलले नाहीत. शेजारच्या मुलाकडून दुसरा अर्ज टाइप करून घेतला आणि तो दिला.

माझी मुलगी यंदा एसएसएलसीला म्हणजे दहावीला आहे, मराठी माध्यमात. तिनं ते गोल बघितले आणि विचारलं, "पप्पा, आजोबांचं नक्की चुकलं काय?" मला सांगता आलं नाही. मी स्वतः 'इफेक्ट झाला' असंच बोलत आलोय. नुसता नियम नको, तो तसा का ते कळायला हवं. जाणकारांनी कृपया सांगावं.

टिळकवाडीच्या_बाई | रविवार, रात्री १०.२५

मराठी माध्यमाच्या शाळेत ३० वर्षं इंग्रजी शिकवलं, म्हणून लिहिते.

अफेक्ट हे बहुतेक वेळा क्रियापद असतं, इफेक्ट हे बहुतेक वेळा नाम. पूर घराला अफेक्ट करतो. त्या पुराचा घरावर जो होतो तो इफेक्ट. तुमच्या बाबांना म्हणायचं होतं 'बाधित घर', 'बाधित कुटुंब'. तिथं अफेक्टेड हवं होतं, 'ए'ने सुरू होणारं.

वर्गात मी दोन गोष्टी करून घ्यायची. पहिली, वाक्यात त्या जागी 'परिणाम' हा शब्द एकटा बसवून बघायचा. 'औषधाचा परिणाम दिसला', इथं तो नुसता बसतो, म्हणजे इफेक्ट. 'पुराने पीक बाधित केलं', इथं नुसतं 'परिणाम' बसत नाही, म्हणजे अफेक्ट. दुसरी त्याहून सोपी. आपल्या मुळाक्षरांत अ आधी येतो, इ नंतर. आधी काहीतरी अफेक्ट करतं, मग त्याचा इफेक्ट उरतो. परीक्षेच्या हॉलमध्ये घाबरलेल्या पोरांनाही हे आठवतं, हा माझा अनुभव.

पण खरं सांगू का, मुलं चुकतात ती इंग्रजी कच्चं म्हणून नव्हे. आपली मराठीच त्यांना तिकडं नेते. मराठीत 'परिणाम' हे नाम आहे आणि त्याला 'करणे' किंवा 'होणे' जोडलं की क्रियापदाचं काम भागतं. परिणाम झाला, परिणाम केला. शब्द तोच राहतो. मग डोक्यात 'परिणाम म्हणजे इफेक्ट' एवढं एकदा बसलं की मूल 'परिणाम केला'चं 'इफेक्टेड' करून मोकळं होतं. त्याच्या बाजूने ते तर्काला धरूनच असतं. इंग्रजीत मात्र त्या दोन कामांना दोन वेगळे शब्द आहेत.

वेदगंगा_निपाणी | रविवार, रात्री १०.५१

बाईंनी छान सांगितलं. पण माझं रक्त तापलं ते त्या कारकुनावर. भिंत पडलेल्या ७१ वर्षांच्या माणसाला एका अक्षरावरून परत पाठवायचं? अर्थ कळत होता की नाही? २०१९ ला आमच्याकडं वेदगंगेनं हायवेच अडवला होता. तेव्हा कोण स्पेलिंग बघत बसला होता? अर्थ कळला की झालं, असं माझं मत हाय.

कोर्ट_आवार | रविवार, रात्री ११.०८

मलप्रभाकाठ, आधी हक्काचं सांगतो, मग शब्दाचं.

संविधानाचं कलम ३५० वाचा. गाऱ्हाणं मांडण्यासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे, त्या त्या ठिकाणी म्हणजे केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत निवेदन द्यायचा हक्क प्रत्येकाला आहे. त्याच्याच पुढं ३५०-अ आहे, मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचं, आणि ३५०-ब, भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या विशेष अधिकाऱ्याचं. बाबांचा अर्ज मराठीत असता तरी तो अर्जच होता.

आता शब्द. बाईंनी 'बहुतेक वेळा' म्हटलंय ते महत्त्वाचं. आमच्या धंद्यात इफेक्ट हे क्रियापद म्हणून रोज येतं. नोटीस बजावली गेली की 'सर्व्हिस इफेक्टेड'. पैसे चुकते झाले की 'पेमेंट इफेक्टेड'. हस्तांतर झालं की 'ट्रान्सफर इफेक्टेड'. इथं अर्थ 'परिणाम केला' असा नाही, 'घडवून आणलं, तडीस नेलं' असा आहे.

म्हणून वेदगंगा, 'अर्थ कळला की झालं' हे बाबांच्या अर्जापुरतं मलाही मान्य आहे. तिथं कुणाचा गैरसमज होणार नव्हता. पण सगळीकडे तसं नसतं. दोन भावांत वाटणी चाललीय असं धरा. काकांनी तडजोड 'इफेक्ट' केली, म्हणजे काकांनी ती घडवून आणली. काकांनी तडजोड 'अफेक्ट' केली, म्हणजे ती आधीच झालेली होती आणि काकांनी तिला धक्का लावला. एका अक्षराने काका मध्यस्थाचे विघ्नकर्ते होतात. अशा वाक्यावर दावे लढले जातात, म्हणून आम्ही ते अक्षर तीनदा वाचतो.

वेदगंगा_निपाणी | रविवार, रात्री ११.१५

हे काकांचं उदाहरण पटलं. शब्द मागे घेतो, पण कारकुनावरचा राग नाही.

धातुपाठ | सोमवार, सकाळी ७.०२

दोन्ही शब्दांचं मूळ लॅटिन आहे आणि संस्कृत येणाऱ्याला ते लगेच आपलं वाटतं. लॅटिनमध्ये 'फाकेरे' म्हणजे करणे, आपला कृ धातू. त्याला 'आद' हा उपसर्ग लागला की अफेक्ट. आद म्हणजे कडे, दिशेने. 'एक्स' लागला की इफेक्ट. एक्स म्हणजे बाहेर, आपल्या 'निस्'सारखा. म्हणजे अफेक्ट हे कशाच्या तरी दिशेने जाऊन केलेलं, आणि इफेक्ट हे करून बाहेर आलेलं, निष्पन्न झालेलं. फलनिष्पत्ती हा आपला शब्द इफेक्टच्या अगदी शेजारी बसतो.

कृ धातूला आपण किती उपसर्ग लावतो बघा. आकार, विकार, प्रकार, संस्कार, उपकार, अपकार. उपकार आणि अपकार यांत एकाच अक्षराचा फरक, पण कुणी मराठी माणूस त्यांची गल्लत करत नाही, कारण उपसर्गाचं वजन आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. तिकडे फाकेरेचं तेच आहे. डिफेक्ट, इन्फेक्ट, पर्फेक्ट ही सगळी त्याच घरातली भावंडं.

आणि स्पेलिंगमध्ये दोन 'एफ' का येतात, त्याचंही उत्तर आपल्या संधीत आहे. सत् आणि जन जोडताना त् पुढच्या ज मध्ये मिसळतो आणि सज्जन होतं. उत् आणि लेख जोडताना उल्लेख होतो. तसाच 'आद'मधला द पुढच्या फ मध्ये मिसळला आणि फ दुप्पट झाला. 'एक्स'चंही तेच. मुलीला सांगा, संधी येत असेल तर दोन 'एफ' पाठ करायची गरज नाही.

शहापूर_गल्ली | सोमवार, सकाळी ८.३०

धातुपाठ, सज्जनचं उदाहरण वाचून अंगावर काटा आला. कितीतरी वर्षं दोन एफ घोकत होतो.

अथणीचा_मुलगा | सोमवार, सकाळी ९.१४

माझं शिक्षण सातवीपर्यंत कन्नड शाळेत झालं, घरी मराठी. बाईंनी 'परिणाम करणे' बद्दल लिहिलंय, तेच कन्नडमध्येही आहे. शब्दसुद्धा तोच, परिणाम. 'परिणाम बीरुत्तदे' म्हणतात, म्हणजे परिणाम टाकतो. नामच, आणि पुढं क्रियापद जोडलेलं. त्यामुळं आमच्या वर्गातली कन्नड पोरंही अफेक्ट-इफेक्टला अगदी आमच्यासारखीच अडखळायची. सर म्हणायचे, या एका चुकीत तुमच्या दोघांचं एकमत आहे.

उलट ज्या शब्दांत मराठी आणि कन्नड वेगळं बोलतात तिथं आम्ही सीमेवरची पोरं सावध असतो. 'अभ्यास' म्हटलं की मराठीत पुस्तक घेऊन बसायचं, कन्नडमध्ये सराव किंवा सवय. 'अनाहूत' म्हटलं की मराठीत न बोलावता आलेला पाहुणा, आणि कन्नडमध्ये 'अनाहुत' म्हणजे मोठी आपत्ती. पुराच्या वेळी कन्नड पेपरात तो शब्द होताच. एकच शब्द दोन घरांत दोन तऱ्हेने राहतो, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. त्याच कानाने अफेक्ट-इफेक्ट ऐकायला हवं.

रात्रपाळी | सोमवार, दुपारी २.४०

मी नर्स आहे. इस्पितळात इफेक्ट हा शब्द दिवसाला शंभरदा ऐकते. साइड इफेक्ट, भुलीचा इफेक्ट उतरला का, गोळीचा इफेक्ट किती तास. तो नामच.

पण एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. नोकरीच्या पहिल्या वर्षी मानसोपचार विभागात ड्यूटी होती. एका पेशंटच्या केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'अफेक्ट फ्लॅट'. मला वाटलं घाईत स्पेलिंग चुकलं. शाळेत नियम पक्का पाठ केलेला, नाम म्हणजे इफेक्ट. मी दुसऱ्या कागदावर उतरवताना ते इफेक्ट करून टाकलं. राऊंडला डॉक्टरांनी बघितलं, मला बाजूला घेतलं आणि शांतपणे सांगितलं की मनोविकारशास्त्रात अफेक्ट हे नाम आहे. चेहऱ्यावर, आवाजात भावना कशी उमटते, त्याला अफेक्ट म्हणतात. उच्चारही वेगळा, जोर पहिल्या अक्षरावर, 'ॲ' थोडा दाबून. तो पेशंट मुलाचं नाव काढलं तरी चेहऱ्यावरची रेघ हलू देत नव्हता. तेच डॉक्टरांनी दोन शब्दांत लिहिलं होतं आणि मी ते पुसलं होतं.

तेव्हापासून नियमाला अपवाद आहे का हे आधी विचारते, मग दुरुस्त करते.

एसएसएलसी_२० | सोमवार, संध्याकाळी ६.०५

बाई, मग परीक्षेत काय लिहायचं? नाम आलं तर इफेक्ट, क्रियापद आलं तर अफेक्ट, एवढं चालेल ना? आणि इफेक्टिव्ह, एफिशियंट हे कुठून आलं?

टिळकवाडीच्या_बाई | सोमवार, संध्याकाळी ६.४०

बाळ, परीक्षेपुरतं तेवढं पुरेल. वकीलसाहेबांचं क्रियापद आणि नर्सताईंचं नाम बारावीनंतर भेटेल. तेव्हा हा धागा आठव. इफेक्टिव्ह आणि एफिशियंट दोन्ही त्याच 'एक्स'च्या घरातले. इफेक्टिव्ह म्हणजे ज्याने काम होतं ते. एफिशियंट म्हणजे जो कमी वेळात, कमी नासाडीत काम करतो तो. पंप पाणी चढवतो म्हणजे इफेक्टिव्ह. कमी विजेत चढवतो म्हणजे एफिशियंट.

बंगळूर_बस | सोमवार, रात्री ८.२२

मी आयटीत आहे, मूळचा कडोलीचा. परदेशातल्या सहकाऱ्यांच्या मेलमध्ये हीच चूक आठवड्यातून दोनदा दिसते, ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांच्याही. कारण बोलताना ते पहिला स्वर इतका गिळतात की अ काय आणि इ काय, कानाला जवळजवळ सारखंच लागतं. स्पेलिंग तपासणारी यंत्रणाही पुष्कळदा काही बोलत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत.

आपल्या शाळेत मात्र सर-बाई अफेक्ट स्पष्ट अ ने आणि इफेक्ट स्पष्ट इ ने म्हणायचे. आपल्या उच्चाराबद्दल आपण उगाच दबून असतो. या जोडीपुरता तरी आपला उच्चार त्यांच्यापेक्षा जास्त सांभाळून ठेवणारा आहे. मी मेल लिहिताना मनात बाईंच्या आवाजात म्हणतो आणि चुकत नाही.

कॅम्प_जवळ | सोमवार, रात्री ९.३०

जय हिंद. मी मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त झालो, रेजिमेंटल सेंटर इथंच बेळगावात असल्याने घरही इथंच केलं. मी युनिटमध्ये कारकुनी केली आहे.

इफेक्टचा एक अर्थ अजून कुणी लिहिला नाही. जवान गेला की त्याचं सामान घरी पाठवतात, त्याला कागदावर 'पर्सनल इफेक्ट्स' म्हणतात. अनेकवचनी, शेवटी एस. जुन्या इंग्रजीत माणसाची जंगम मालमत्ता, त्याने मिळवलेल्या वस्तू, असा अर्थ आहे. मी स्वतः अशा याद्या लिहिल्या आहेत. घड्याळ एक. स्वेटर एक. पोथी एक, लाल कापडात. फोटो तीन. पत्रं, मोजून.

त्या यादीच्या मथळ्यात एकदा एका नव्या पोराने इफेक्ट्सच्या जागी 'अफेक्ट्स' टाइप केलं होतं. मी कागद काढून घेतला आणि पुन्हा टाइप करायला लावलं. ती यादी कुणाच्या तरी आईच्या हातात जाणार होती.

शहापूर_गल्ली | सोमवार, रात्री ९.४४

काका, नमस्कार. दुसरं काही लिहवत नाही.

वेदगंगा_निपाणी | मंगळवार, सकाळी ७.५०

सरकारी आदेशाखाली 'विथ इफेक्ट फ्रॉम' असतं, ते पण नामच ना? १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचं 'बेळगावी' झालं, तेव्हा सगळ्या बोर्डांच्या आधी कागदांवर ते तीन शब्द वाचले होते.

कोर्ट_आवार | मंगळवार, सकाळी ८.१०

होय, नामच. अंमल या अर्थी. अमुक तारखेपासून अंमल. 'गिव्ह इफेक्ट टू' म्हणजे अंमलबजावणी करणे. इथं चुकूनही 'ए' येत नाही.

मलप्रभाकाठ | मंगळवार, रात्री १०.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर मुलगी आणि मी बाबांच्या खाटेजवळ बसलो आणि धागा सुरुवातीपासून वाचून दाखवला. बाबा आता नीट ऐकू येण्यासाठी डावा कान पुढे करतात. वकीलसाहेबांचा प्रतिसाद आला, 'पेमेंट इफेक्टेड' असं मी म्हटलं, आणि त्यांनी हात वर केला. "हेच," म्हणाले. "हेच लिहीत होतो."

बाबा खानापूरच्या एका कौलांच्या कारखान्यात ३१ वर्षं ऑफिसात होते. कौलांच्या गाड्या कुठं कुठं जायच्या, त्यांची पत्रं बाबा लिहायचे. डिलिव्हरी इफेक्टेड. पेमेंट इफेक्टेड. डिस्पॅच इफेक्टेड. दिवसाला वीस पत्रं, प्रत्येकात तो शब्द, आणि दर वेळी बरोबर. तो शब्द बोटांत बसला होता. पूर आला तेव्हा घर, गोठा, कुटुंब, सगळ्यापुढे बोटांनी तोच लिहिला. ही चूक अडाण्याची नव्हती हे मला कळायला एवढी वर्षं लागली.

मग मुलीनं झेरॉक्स हातात घेतली आणि एकेक गोल वाचत गेली. पहिले पाच बाईंनी सांगितलं तसेच, तिथं अफेक्टेडच हवं. सहावा शेवटच्या ओळीत आहे. भिंत पडल्यावर गुरं उघड्यावर होती म्हणून बाबांनी अर्जाच्या आधीच गोठ्यावर पत्रे घालून घेतले होते, स्वतःच्या पैशांनी. ती ओळ अशी आहे: 'टेम्पररी रिपेअर्स इफेक्टेड ॲट ओन कॉस्ट.'

मुलगी थांबली. पुन्हा वाचलं. "पप्पा, हे तर वकीलकाकांचं आहे. घडवून आणलं. हे बरोबर आहे."

पाच ठिकाणी तिनं पेन्सिलीनं 'ई'चा 'ए' केला. सहाव्याला हात लावला नाही, लाल गोलाच्या बाजूला बरोबरची खूण केली आणि कागद बाबांना दिला. त्यांनी चष्मा मागितला.

टिळकवाडीच्या_बाई | मंगळवार, रात्री १०.३२

'ॲट ओन कॉस्ट' हेही बरोबर आहे. बाबांना माझा नमस्कार सांगा.